पाणी कधीपासून जातंय?

आप्पा,

परवा सुनेचं पाणी गेलं. आठवा महिना पुरा व्हायला अजून दहा-बारा दिवस होते. सकाळी चहा गाळता गाळता ती ओट्याला धरून उभी राहिली आणि मला म्हणाली, "आई, माझं पाणी जातंय. घड्याळात बघा बरं किती वाजलेत." सात वाजून दहा मिनिटं झाली होती. तिने ती वेळ मोबाईलमध्ये लिहून ठेवली, नवऱ्याला उठवलं, सासऱ्यांना रिक्षा बघायला सांगितलं आणि एक कोरडं कापड घेऊन खुर्चीवर शांत बसली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "पाणी कधीपासून जातंय?" तिने सगळ्यांच्या देखत, पाढा म्हणावा तसं सांगितलं, सात दहापासून, रंग पांढरट, वास नाही, बाळ हलतंय. तुमचे जावई तिथेच उभे होते. त्यांनी मान खाली घातली होती, पण ते उभे होते. मीच बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकावर भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून बसले. सून घाबरली नव्हती. सासू घाबरलीय असं वाटून एक आया मला पाणी घेऊन आली.

मुलगी झाली, आप्पा. दोन किलोला थोडी वर. काचेच्या पेटीत आहे, पण अंगाने गुलाबी आहे आणि काल तिने नाकातली नळी दोनदा ओढून काढली. सूनही बरी आहे. म्हणजे काळजीचं काही नाही. मी दुपारचा डबा देऊन इथेच बसते, भेटायची वेळ होईपर्यंत. शेजारच्या दुकानातून ही वही घेतली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी तुम्हाला कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत. सासरी गेल्यावर पोस्टकार्डं लिहायचे, ती सगळी 'मी खुशाल आहे' अशीच.

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत गेली. लोकांनी तुम्हाला दुसरं लग्न करायला सांगितलं, मला आजोळी ठेवायला सांगितलं. तुम्ही दोन्ही केलं नाही. कुर्डुवाडीच्या त्या रेल्वे क्वार्टरमध्ये, दीड खोलीत, तुम्ही भाकरी करायला शिकलात. मला अजून दिसतं, वर्कशॉपचा पहिला भोंगा व्हायच्या आत तुम्ही चुलीपुढे उकिडवे बसलेले, नखांत ग्रीसची काळी रेघ, आणि परातीत पीठ थापताय. भाकरी कधीच गोल यायची नाही. तुम्ही म्हणायचा, "गोल कशाला पायजे गं, चाक हाय का ती?" शेंगदाण्याची चटणी मात्र तुमच्यासारखी मी पुन्हा कुठे खाल्ली नाही. उखळात कुटायचा, आणि माझ्या ताटात तेल वरून घालायचा. माझी वेणीही तुम्हीच घालत होता. इतकी घट्ट, की शाळेत माझ्या भुवया वर ओढलेल्या असायच्या.

पण काही गोष्टी आपण बोलत नव्हतो. मी शहाणी झाले त्या दिवशी तुम्ही शेजारच्या काकूंना हाक मारून आणलीत आणि स्वतः जाऊन स्टेशनच्या बाकावर बसलात, दिवेलागण होईपर्यंत. त्यानंतर दर महिन्याला माझ्या ट्रंकेत जुन्या धोतराचे धुतलेले, नीट घड्या घातलेले तुकडे असायचे. कोणी ठेवले हे मी विचारलं नाही, पुरले का हे तुम्ही विचारलं नाहीत. ही तुमची माया होती हे मला कळत होतं. तिच्याभोवती शब्द नव्हते, एवढंच. तेव्हा त्यात काही चुकतंय असं दोघांनाही वाटलं नाही.

मग माझं लग्न झालं. करमाळ्याचं घर, जावई प्राथमिक शाळेत मास्तर. दोन वर्षांत मला दिवस गेले. दुष्काळ सरून एकदोन पावसाळे झाले होते, घराघरांत पुन्हा जोंधळा दिसायला लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण सासूबाई म्हणाल्या, "आई न्हाय तिथं बाळंतपण करणार कोण? राहू दे हितंच." त्यांचं चूक नव्हतं. हे कळल्यावर तुम्ही रजा टाकून एसटीने करमाळ्याला आलात. बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलात, टोपी मांडीवर ठेवलीत आणि सासूबाईंना म्हणालात, "आक्का, मी हाय की. तिची आई मीच हाय आन् बापबी मीच. डिंकाचं लाडू मी शिकून घेतलेत. काय बी कमी पडू देणार न्हाय." सासूबाईंना हसू आलं. त्या म्हणाल्या, "व्याही, लाडवांनी बाळंतपण होतंय व्हय?" पण तुमचं तोंड बघून त्यांनी पाठवलं. निघताना एवढं बोलल्या, "काय इकडंतिकडं झालं तर बोल तुमाला लागंल बरं का." तुम्ही म्हणालात, "लागू द्या की."

ते सव्वा महिन्याचं माहेरपण. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत सायकल दामटत घरी यायचा, मी जेवले का बघायला. फडताळात डिंकाच्या लाडवांचा डबा आधीच भरून ठेवलेला. वर्कशॉपमध्ये सुट्टीच्या वेळात मोडीतल्या नळ्या जोडून तुम्ही पाळणा करत होता, हिरवा रंग दिलेला, दोन बाजूंना पितळी कड्या. घरी आणून मला दाखवलात आणि त्यात पाच शेर जोंधळ्याची पिशवी ठेवून झोके देऊन बघितलेत. "न्हाय हलत," म्हणालात. "जाम भक्कम झालाय." मी पोट धरून हसले होते.

सोमवारची दुपार. तुम्ही जेवून परत गेला होता. मी शेंगा फोडत बसले होते, उठले, आणि पायांवरून कोमट पाणी आलं. दुखलं नाही, काही नाही. मला आधी वाटलं, आपल्याला धरवलं नाही. लुगडं बदललं. तासाभरात पुन्हा. शेजारच्या काकू बहिणीच्या घरच्या लग्नाला मोडनिंबला गेलेल्या, शुक्रवारी येणार होत्या. पलीकडच्या क्वार्टरमध्ये नवीनच आलेली माणसं, ओळख नव्हती. कळा नाहीत म्हणजे घाई नाही, असं मी मनाशी घोकत राहिले. संध्याकाळी तुम्ही आलात, सायकल भिंतीला टेकवली आणि दोरीकडे बघितलंत. चार लुगडी वाळत होती.

"आज लई धुणं काढलंस गं?"

"कळकट झाली होती."

"पिळायला मला ठिवायची. जड काय करू नगं."

एवढंच. मंगळवारी पाच होती. तुम्ही बघितलंत. त्या दिवशी विहिरीचं पाणी तुम्ही दोन खेपा जास्त आणलंत आणि म्हणालात, "काकू कवा येणार म्हणल्या?" मी म्हणाले, शुक्रवारी. "येऊ दे मग," म्हणालात, जणू काकू आल्या की सगळं त्या बघतील. मलाही तसंच वाटत होतं. दोघेही आपण एका बाईची वाट बघत होतो, जी आपल्यातलं बोलणं बोलेल. बुधवारी सकाळी तुम्ही टोपी घालून दारात थांबलात. बराच वेळ थांबलात. मग दाराच्या कडीला बोट लावून, माझ्याकडे न बघता म्हणालात, "काय व्हतंय का तुला?"

"नाही, काही नाही."

"पोटबिट?"

"नाही."

ते खोटं नव्हतं, पोट दुखत नव्हतंच. तुम्ही गेलात. कोपऱ्यावरून परत आलात. वाटलं, आता विचाराल. तुम्ही सायकलचा पंप घेतलात आणि गेलात. चाकात हवा होती, आप्पा. मी सकाळी अंगण झाडताना बघितली होती.

गुरुवारी सकाळी मला हुडहुडी भरली. तुम्ही कपाळाला हात लावला, आणि मग एक शब्द बोललात, "चल." तापाची एक पांढरी गोळी पाण्याबरोबर दिलीत, घोंगडीची चौघडी करून काखेत मारली आणि सकाळच्या पॅसेंजरने आपण सोलापूरला निघालो. गाडीत तुम्ही माझ्या पायाशी बसला होता. माढा गेलं, मोहोळ गेलं. प्रत्येक स्टेशनावर तुम्ही विचारत होता, "पाणी पितीस?" आणि तो शब्द निघाला की दोघेही खिडकीबाहेर बघत होतो.

टांग्याने मोठ्या दवाखान्यात आलो. बरोबर बाईमाणूस नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला पडद्यापाशी उभं राहू दिलं. तरुण होत्या, चष्मा होता, बोलणं मऊ होतं. त्यांनी पोट तपासलं, नळी लावून बाळाचे ठोके ऐकले, तोंडात थर्मामीटर दिला. गोळीमुळे ताप उतरला होता. मग कागदावर पेन टेकवून विचारलं, "पाणी कधीपासून जातंय?"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही टोपी दोन्ही हातांत धरून उभे होता. सोमवारपासून असं म्हटलं, की पुढचा प्रश्न तुम्हाला येणार. तीन दिवस काय करत होता? आणि ते करमाळ्याला कळणार, आणि सासूबाई म्हणणार, मी म्हटलंच होतं. तुमची सतरंजीवर बसलेली मूर्ती माझ्या डोळ्यांपुढे होती. मी म्हणाले, "आज सकाळपासून."

"नक्की?"

"हो."

तुम्ही तोंड उघडलंत. मला दिसलं. मग तुम्ही मिटलंत आणि खिडकीकडे बघितलंत. चार लुगडी, पाच लुगडी, सगळी तुमच्या डोळ्यांपुढे असणार. पण पोरगी बोललीय, तर तिला देखत खोटी कशी पाडायची? असंच काहीतरी तुम्हाला वाटलं असेल. मी तुम्हाला वाचवत होते, तुम्ही मला. त्या पडद्याआड तिसरा एक जीव होता, त्याच्या बाजूने कोणीच बोललं नाही.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. म्हणाल्या, पिशवी आजच फुटलीय, ताप नाही, कळा नाहीत. बाळ फार लहान आहे. झोपवून ठेवू, आतून तपासणार नाही, म्हणजे जंतू जाणार नाहीत. जितके दिवस आत राहील तितके त्याच्या फायद्याचे. त्यांना जे सांगितलं त्यावरून त्यांनी बरोबरच केलं. मी आयुष्यभर त्या बाईंना कधी दोष दिला नाही.

शुक्रवारी दुपारी मला थंडी वाजून आली. दात वाजत होते, खाट हलत होती. वॉर्डच्या मोठ्या सिस्टर आल्या. पिकलेले केस, बोलण्यात अक्कलकोटकडचा हेल. त्यांनी माझं कापड उचलून नाकाशी नेलं, पडदा ओढला, माझ्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, "आता खरं सांग पोरी. कधीपासून?"

"सोमवार दुपारपासून."

त्या रागावल्या नाहीत. माझा हात हातात घेतला, नाडी बघितली, आणि म्हणाल्या, "काल सांगितली असतीस तर कालच सुया चालू झाल्या असत्या. एक दिवस गेला बघ." मग त्या धावल्या. डॉक्टरीणबाई आल्या, दंडात सुया दिल्या, सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं. त्या बाईंनी माझ्याकडे एकदाच बघितलं. त्यात राग नव्हता. थकवा होता.

खिडकीची तावदानं उघडी होती. बाहेर व्हरांड्यात सिस्टर तुम्हाला बोलत होत्या, मला सगळं ऐकू येत होतं. "बाप आहे की कोण तुम्ही? पोरगी तीन दिवस गळते आणि घरात ठेवता? आणि वर इथं येऊन खोटं सांगायला लावता?"

मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, ती मला बोललीच नाही. ते खरं होतं. तुम्ही म्हणालात, "व्हय बाई. तिनं मला सोमवारीच सांगितलं हुतं. मीच म्हणलो, थांब दोन दिवस, काकू येऊ दे. तिची काय चूक न्हाय. खोटं बोलायबी मीच सांगितलं."

मी छताकडे बघत पडले होते. अंगात ताप होता, कळा सुरू होत होत्या. तरी मला आठवतं, त्या क्षणी मला काय वाटलं ते. मला हलकं वाटलं. कोणीतरी माझ्या डोक्यावरचं ओझं उचलून घ्यावं, तसं. मी सिस्टरना हाक मारू शकले असते. मारली नाही.

शनिवारी सकाळी, गिरण्यांचे भोंगे एकामागून एक होत होते तेव्हा, मुलगा झाला. पावणेचार पौंडांचा. रडला, पण मांजराच्या पिलाएवढंच. त्याला कापसात गुंडाळून, दिवा लावलेल्या पेटीत ठेवलं. मला ताप होता, दूध उतरत नव्हतं. शेजारच्या खाटेवर एक विणकर घरातली बाई होती, तेलुगू बोलायची, मराठी मोडकंतोडकं. तिसरी खेप, दुधाने छाती भरून आलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वॉर्डच्या दारात आलात, आयाला विचारून आत आलात आणि सरळ त्या बाईच्या खाटेपाशी जाऊन उभे राहिलात. माझ्याशी जे शब्द तुम्हाला कधी बोलता आले नाहीत ते तुम्ही एका परक्या बाईला, हात जोडून, सगळ्या वॉर्डच्या देखत बोललात. "अम्मा, माज्या नातवाला एक वाटी दूध द्या. तुमचं. माज्या लेकीला उतरत न्हाय."

त्या बाईने पदर सावरला. मग म्हणाली, "कूर्चो, आजोबा, बसा. इस्ता, देते." तुम्ही पाठ करून जमिनीवर बसलात. तिने पदराआड वाटी धरली. ती वाटी तुम्ही दोन्ही हातांत, एक थेंब न सांडता, बाळांच्या खोलीपर्यंत नेलीत. पुढचे चार दिवस, दिवसातून पाच वेळा. तिथल्या सिस्टरने तुम्हाला हात धुवायला लावून ड्रॉपरने दूध कसं सोडायचं ते शिकवलं. मला चालता येत नव्हतं. तुम्ही येऊन सांगायचा, "आज सा थेंब गिळलं. डोळं उघडून बघितलं माज्याकडं. कपाळ तुज्या आईवानी हाय." मी त्याला एकदाच बघितलं, पाचव्या दिवशी, खुर्चीवर बसवून नेलं तेव्हा. त्याची छाती भराभर वरखाली होत होती. तुमच्या करंगळीभोवती त्याची मूठ होती. मला बघून तुम्ही बोट सोडवून घ्यायला लागलात, माझं द्यावं म्हणून. ते सुटेना.

सहाव्या दिवशी दुपारी तो गेला. जंतू माझ्यातून त्याच्यात गेले होते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पाणी गेल्यावर वेळ फार गेला, म्हणाल्या. तुम्ही आणि करमाळ्याहून आलेले जावई त्याला घेऊन गेलात. परत आलात तेव्हा तुमच्या धोतराला माती होती आणि तुम्ही ती झटकली नव्हती.

मला आणखी अठरा दिवस ताप येत राहिला. सासूबाई भेटायला आल्या. रडल्या, माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि मग तुमच्याकडे वळून म्हणाल्या, "व्याही, सांगितलं हुतं का न्हवतं मी? बाईमाणूस असतं तर ही येळ आली नसती." तुम्ही म्हणालात, "माजी चूक झाली, आक्का. मी उशीर केला." जावई खिडकीपाशी उभे होते. त्यानंतर ते तुमच्याशी मोकळेपणी कधीच बोलले नाहीत. मी भिंतीकडे तोंड करून झोपले होते. सगळ्यांना वाटलं, झोप लागलीय.

दुसऱ्या वेळी मला माहेरी पाठवायचं नाव कोणी काढलं नाही. करमाळ्यालाच झालं, दिवस पुरे भरून, हाच मुलगा, ज्याच्या बायकोला आज मी डबा देऊन आले. बाराव्या दिवशी तुम्ही आलात. एसटीच्या टपावर बांधून तो हिरवा पाळणा आणला होता, नवा रंग दिलेला. सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवलं. "तो त्या पोराचा हाय. ह्याला नगं." तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला ते पटलं असावं, किंवा तुम्ही तसं दाखवलंत. पाळणा अंगणात भिंतीला टेकवून ओट्यावर बसलात, तिथेच जेवलात, नातवाला पाच मिनिटं मांडीवर घेतलंत आणि चारच्या गाडीने पाळण्यासकट परत गेलात. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. त्या घरात त्या वेळी सगळी माणसं होती. एक वाक्य बोलायचं होतं. त्यांनी उशीर केला नाही, मी सांगितलंच नाही, एवढंच. माझ्या कुशीत मूल होतं, माझा संसार नुकता जागेवर आला होता, आणि मला तो हलवायचा नव्हता. पुढे कधीतरी कुर्डुवाडीला आले तेव्हा तो पाळणा घरात होता. तुम्ही त्यात कांदे ठेवत होता.

असं होता होता वर्षं गेली. सासूबाई गेल्या. जावयांची बदली सोलापूरला झाली, आम्ही इथे घर केलं. तुम्ही निवृत्त झालात, तरी कुर्डुवाडीतच भाड्याच्या खोलीत एकटे राहिलात. मी बोलवायचे, तुम्ही म्हणायचा, "जावईबुवांस्नी अवघडल्यावानी व्हतंय. ऱ्हाऊ दे." तेही माझ्यामुळेच. शेवटचे तीन महिने मात्र तुम्ही आमच्याकडे होता, अंथरुणावर. मी तुमचं सगळं करत होते. तुम्हाला पुसत होते, कपडे बदलत होते. तुम्ही डोळे मिटून घ्यायचा. बापलेकीतली लाज त्या वयात, त्या आजारात गळून पडली होती, आणि मला रोज वाटायचं, आज बोलू.

एका दुपारी मी पेज भरवत होते. घरात आपण दोघंच. तुम्ही घोट गिळलात आणि मध्येच म्हणालात, "तुजी आई असती तर तिनं तुला सांगितलं असतं. असं पाणी गेलं तर थांबू नये म्हणून. तुला कसं म्हाईत असणार गं? मला दिसत हुतं दोरीवरचं. मी इचारायला पायजे हुतं. बाप म्हणून लाजलो."

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदा तुमच्या तोंडून आलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघत होता. मी पदराने तुमचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "जुनं कशाला काढता, आप्पा? पेज गार होतेय." तुम्ही पुढचा घोट घेतलात. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

भेटायची वेळ होत आली. सून विचारेल, आई, एवढं काय लिहीत बसता, तर सामानाची यादी म्हणेन. ही पानं मी फाडून टाकणार आहे, घरी कोणाच्या हाताला लागायला नकोत. म्हणजे बघा, अजूनही मी कोणाला सांगणार नाहीच. पण तुम्ही गेलात ते असं समजून, की आईवेगळी पोर, तिला माहीत नव्हतं. म्हणून तुम्हाला तरी सांगते.

सातव्या महिन्यात तुम्ही मला सायकलवर मागे बसवून रेल्वेच्या दवाखान्यात नेलं होतं. तुम्ही बाहेर लिंबाखाली थांबलात. आत नर्सबाईंनी पोट बघितलं, आणि मग माझी हनुवटी धरून, दोनदा सांगितलं, "कळा नसल्या तरी पाणी गेलं की त्याच दिवशी निघायचं. दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. घरी सांगून ठेव." मी हो म्हणाले. बाहेर आले तेव्हा तुम्ही सायकलची सीट रुमालाने पुसत होता. तुम्ही विचारलंत, "काय म्हणल्या बाई?"

मी म्हणाले, "काही नाही. सगळं ठीक आहे म्हणाल्या."